बोलता तसं लिहा

१२ ऑक्टोबर २०२५

घरात बोलायला कुणी उरलं नाही म्हणून ही वही काढली. बायको आहे, सुनयना, पण तिच्याशी चार वाक्यं बोललं की पाचवं रडण्यात जातं, तिचं नाहीतर माझं. शाळेत बोलावं तर सगळे एकच सांगतात, "पोरगी वाचली नं सर, देवाचे आभार माना." मानतो. रोज मानतो. पण आभार मानून झाल्यावर उरलेल्या दिवसाचं काय करायचं, हे कुणी सांगत नाही.

प्रणिताला ऐकू येत नाही. हे वाक्य एकदा स्वतःच्या हातानं लिहून बघायचं होतं.

पोळ्याच्या आठवड्यात ताप आला आणि मेंदूत गेला. आदिलाबादच्या डॉक्टरांनी जीव वाचवला. शुद्धीवर आली तेव्हा तिनं विचारलं, "तुमी सगळे कुजबुज काऊन करून राह्यले?" आम्ही कुणीच कुजबुजत नव्हतो. हैदराबादला नेलं तर तिथल्या डॉक्टरबाईंनी फिल्म उजेडाला धरून दाखवलं, दोन्ही कानांच्या आत हाड धरलंय, ऐकायचं यंत्र आत बसवायला जागाच नाही. बाई चांगल्या होत्या. मला त्यांचा राग आला तो उगाच आला.

दसऱ्याला माझ्या भावाची पोरं आली होती. प्रणिता आपट्याची पानं देत "सोनं घ्या" म्हणाली, ते एवढ्या मोठ्यानं की अंगणातलं कुत्रं दचकून उठलं. पोरं हसली. हसणं तिला ऐकू आलं नाही, दिसलं. त्या दिवसापासून तिनं तोंड मिटलं आहे. कान तापानं नेले. आवाज तिनं स्वतः आत ठेवून कुलूप लावलं.

मी तिच्याशी पाटीवर लिहून बोलतो. बोलून काय उपयोग? सुनयना मात्र भाकरी थापता थापता तिला समोर बसवून वांग्यांचा भाव, शेजारणीची भांडणं, सगळं ऐकवत असते. ऐकवत! मला ते बघवत नाही. मी उठून बाहेर जातो.

१७ ऑक्टोबर

आज तिला शाळेत नेलं. दहावीचा वर्ग. तामसीकडच्या या मराठी शाळेत गणित आणि विज्ञान मीच शिकवतो, म्हणजे निम्मा दिवस ती बापासमोरच असणार, काळजी कसली, असा माझा विचार. पहिल्या बाकावर बसवलं. मी आज मुद्दाम हळू आणि मोठ्यानं शिकवलं. का मोठ्यानं, ते मलाही सांगता येणार नाही.

घरी आल्यावर तिनं पाटीवर लिहिलं, "उद्यापासून येणार नाही."

मी लिहिलं, "का?"

"तुमची पाठ दिसते."

आता याला काय उत्तर द्यायचं? फळ्यावर लिहायचं तर फळ्याकडेच तोंड करावं लागणार. माझ्या गुरुजींची मला पाठच आठवते, आणि माझं गणित काही कच्चं राहिलं नाही.

हेडमास्तर अमृतराव संध्याकाळी घरी आले. चहा घेतला, बशी खाली ठेवली आणि म्हणाले, "सर, तुमी समजदार माणूस. हैदराबादेत अशा लेकरांची शाळा हाय. राह्यची सोय हाय. तिथं हातानं बोलणं शिकवतात."

म्हटलं, "तिथं सारं तेलुगूत चालते. आमची पोरगी मराठीत शिकली."

"हाताले कायची तेलुगू अन् कायची मराठी?"

ते खरं होतं म्हणून राग आला. पाच वर्षांची होती तेव्हा बासरला नेऊन सरस्वतीसमोर तिच्या हातून पहिलं अक्षर गिरवून घेतलं होतं. देवळातून निघताना सुनयनाला तिथल्या, दहावीच्या गुणांवरच प्रवेश देणाऱ्या विद्यापीठाची कमान दाखवून मी म्हटलं होतं, दहावी झाली की पोरगी इथं. गुण तसेच पडत होते तिला. आता ही दहावीला बसते की नाही इथपासून सुरुवात.

२६ ऑक्टोबर

दिवाळी झाली म्हणायची.

आज मात्र डोक्यात एक आलं आणि जरा धीर आला. लॉकडाऊनपासून मी माझे तास मोबाइलवर उतरवून इंटरनेटवर टाकत आलोय. सातवी ते दहावी, सगळं गणित आणि बरंचसं विज्ञान. काही घरी, ओसरीच्या भिंतीवर फळा टांगून. काही वर्गातच, मोबाइल खिडकीत उभा करून. सीमेवरच्या गावांतली मराठी पोरं बघतात ते. त्याच व्हिडिओंच्या खाली मी बोलतो ते लिहून दिलं तर? प्रणिता घरबसल्या वाचत शिकेल. मार्चपर्यंत वेळ आहे.

मशीनही आपोआप अशा ओळी लावून देतं असं कळलं म्हणून आधी ते करून पाहिलं. मशीननं मला हिंदीवाला ठरवलं. त्रिकोणाच्या भुजेची पूजा झाली आणि वर्गमूळ कुठल्या कुठं गेलं. मी हसलो, मग तेच प्रणिताच्या डोळ्यांनी वाचून पाहिलं आणि हसू गेलं. कान नसलेल्या माणसाला हेच खरं वाटणार, तपासायचं कशानं?

हातानंच करायचं.

५ नोव्हेंबर

रोज पहाटे उठून बसतो. एक वाक्य ऐकायचं, थांबवायचं, लिहायचं. ओळ कधी दिसावी, कधी जावी त्या वेळा टाकायच्या. ओळ आवाजाच्या आधी उगवता कामा नये, एका वेळी दोन ओळींच्या वर नको. थोड्याशा तासाला सगळी सकाळ जाते. मान मोडून येते. पण तेवढा वेळ दुसरं काही आठवत नाही, हे खरं.

एक मी पहिल्या दिवशीच ठरवलं. लिहायचं ते शुद्ध. वर्गात मी कसा बोलतो ते माझं मला ऐकवेना. "चला बे पोट्टेहो, हा लेक्का उतरून घ्या, मंग पाहू कोणाच्या डोक्यात काय हाय ते." गणिताला लेक्का म्हणायची आपल्याकडची सवय, तेलुगूतून आलेली, जातच नाही. हे असं पडद्यावर लिहायचं? मागे एकदा पलीकडे महाराष्ट्रात प्रशिक्षणाला गेलो होतो, तिथं मी "सांगून राह्यलो" म्हटल्यावर दोन बाया एकमेकींकडे बघून हसल्या होत्या. ते अजून सलतं. तेव्हा मी खाली लिहिलं, "आता आपण पुढील उदाहरण सोडवूया." कसं छान दिसतं.

शिवाय गाळायचं ते गाळलं. पोरांना रागावणं, विनोद, वर्गात शिरलेली बकरी, बसचा हॉर्न, पोरांच्या शंका. शिकवण्याशी ज्याचा संबंध नाही ते कशाला? प्रणिताला गाभा मिळाला पाहिजे. तिच्याजवळ वेळ कुठं आहे?

१६ नोव्हेंबर

अमृतरावांना व्हिडिओ दाखवले. चष्मा वर करून सगळं वाचलं. "वा! पुस्तकातल्यावानी भाषा! मंडळातल्या सगळ्या मराठी शाळांत पाठवू, सर." मंडळ म्हणजे आमच्याकडचा तालुका. मला बरं वाटलं. फार दिवसांनी कुणी मला "बिचारा" सोडून काहीतरी म्हणालं.

जाताना मात्र हैदराबादचा विषय पुन्हा काढलाच.

२३ नोव्हेंबर

बघते! प्रणिता व्हिडिओ बघते! आठवडाभर मोबाइल हातातून सोडत नाही. जेवताना बघते, शेतात आईबरोबर गेली तरी बांधावर बसून बघते. मी सुनयनाला म्हटलं, पाहिलंस? सुनयनानं माझ्याकडे एकदा नीट बघितलं आणि भाकरी उलटली.

४ डिसेंबर

माझा आनंद फार दिवस टिकत नाही, हा नियमच झाला आहे.

ती दहावीचं बघतच नाही. सातवीचं बघते, आठवीचं बघते. जे तिला झोपेतही येतं तेच! आणि तेही पुढं जात नाही, एकच तुकडा मागे घेऊन घेऊन पुन्हा. खालच्या ओळीकडे एक नजर, मग वर माझ्या तोंडाकडे, मग खाली, मग वर. शेवटी मोबाइल उलटा ठेवून कपाळ धरून बसते.

घरातही तेच. मी जेवत असलो की माझ्या तोंडाकडे टक लावते. घास गिळवत नाही. काल पाटीवर लिहून विचारलं, "काय बघतेस?" तिनं नजर खाली वळवली.

११ डिसेंबर

आज जे पाहिलं ते लिहू की नको.

दुपारी लवकर घरी आलो. प्रणिता आतल्या खोलीत आरसा मांडीवर ठेवून बसली होती. तोंड उघडत होती, मिटत होती, ओठ ताणत होती, पुढे काढत होती. आवाज नाही. शेजारी मोबाइलवर मी शिकवतोय. मी दारात उभा आहे हे तिला कळलं नाही. ऐकू येत असतं तर कळलं असतं.

तापानं डोक्यावरही काही परिणाम केला का? डॉक्टर म्हणाले होते, बुद्धी शाबूत आहे. डॉक्टरांना आरसा दिसला नव्हता. सुनयनाला सांगितलं तर ती शांतपणे म्हणाली, "पाहू द्या नं तिले आरशात. तुमचं काय जाते?" मला वाटतं या घरात मी एकटाच जागा आहे.

१९ डिसेंबर

हात उचलला नाही एवढंच माझ्या बाजूनं सांगता येईल.

पुन्हा सातवीचा तास, पुन्हा तोच तुकडा. मी मोबाइल हिसकावला आणि पाटीवर लिहिलं, "परीक्षा तोंडावर आली. हे खेळ बंद कर. दहावीचं बघ." एवढं जोरात लिहिलं की खडू तुटला. तिनं वाचलं. पाटी हातात घेतली, मला वाटलं उत्तर लिहिते, आणि उंबऱ्यावर आपटली. पाटीचे दोन तुकडे झाले.

आता बोलायलाही काही उरलं नाही.

२८ डिसेंबर

ती डोळे मिटून बसते. भिंतीला टेकून, डोळे घट्ट मिटून. आपण हाक मारू शकत नाही, आता दाखवूही शकत नाही. खांद्याला हात लावला की अंग चोरून घेते. दोन घास कसेबसे खाते. अभ्यासाचं पुस्तक उघडलेलं नाही.

मी हरलो. एवढ्या पहाटा घातल्या, मंडळभर वाहवा झाली, आणि जिच्यासाठी केलं तिला एक ओळ उपयोगी पडली नाही. माझ्यात काय कमी पडलं तेच कळत नाही. मी अचूक लिहिलं होतं! एक चूक कुणी काढून दाखवावी.

अमृतरावांना सांगितलं, हैदराबादला विचारा.

६ जानेवारी २०२६

हैदराबादहून होकार आला. आत्ताच आणून सोडा, रुळू द्या, दहावीचं पुढे बघू म्हणाले. बोलणारा माणूस भला वाटला. तिथं तिच्यासारख्या मुली आहेत, हातांनी भराभरा बोलतात म्हणे. मनाला समजावतो की हेच बरं. मग आठवतं की तिथं प्रणिता कोण होती हे कुणालाच ठाऊक नसेल. वर्गात सगळ्यात जास्त बडबड करणारी, माझं बोलणं मधेच तोडणारी.

नवी पाटी आणून लिहिलं, "एक फेब्रुवारीला हैदराबादला जायचं. तिथं शाळा आहे."

तिनं वाचलं, तळहातानं पुसलं आणि कोरी पाटी माझ्याकडे परत दिली. डोळ्यांत पाणीही नाही. रडली असती तर मी कदाचित तिथंच मोडलो असतो.

१४ जानेवारी, संक्रांत

जसं घडलं तसं लिहितो.

सकाळी सुनयना तिळाचे लाडू वळत होती. मी हिसकावलेला मोबाइल तिनंच मला न विचारता प्रणिताला परत दिला होता. प्रणिता तिच्याजवळ बसून आठवीचा समांतर रेषांचा तास लावून बसली होती, आवाज चालूच. तिला काय फरक पडतो? मी ओसरीवर. आतून सुनयनाच्या हसण्याचा आवाज आला. या घरात हसणं! मी आत डोकावलो.

व्हिडिओत वर्गात बकरी शिरली होती आणि मी म्हणत होतो, "बसू द्या बे तिले. बकरीलेही भूमिती पायजे." सुनयना त्याला हसली होती. प्रणिताला आईचं हसणं दिसलं. तिनं पटकन मोबाइलकडे पाहिलं. खाली माझी ओळ होती, "समांतर रेषा एकमेकींना छेदत नाहीत."

त्यात हसण्यासारखं काय आहे?

तिनं आईचा हात धरला. आईचे हात गुळानं चिकट. सुनयना तिच्याकडे तोंड करून सावकाश म्हणाली, "बकरी आली होती वर्गात. बाबा म्हणून राह्यले, बकरीलेही भूमिती पायजे." प्रणितानं व्हिडिओ मागे घेतला. माझ्या तोंडाकडे पाहिलं. पुन्हा मागे घेतला. मग तिचे स्वतःचे ओठ हलले, आवाज न करता. बकरी. मला दारातून दिसलं, बकरीच.

ती उठली ती थेट माझ्यासमोर. पाटीवर एवढं भराभर लिहिलं की अक्षरं एकमेकांवर चढली.

"तुम्ही बोलता ते खाली नाही."

मी लिहिलं, "अर्थ तोच आहे. शुद्ध करून लिहिलं."

तिनं ते पुसलं. "मी तुमचे ओठ शिकत होते. ओठ एक सांगतात, ओळ दुसरं. मला वाटलं आता डोळेही गेले."

मी वाचत राहिलो. तिनं पाटी ओढून घेतली आणि खाली आणखी एक ओळ लिहिली.

"बोलता तसं लिहा."

आरसा, सातवीचे तास, माझ्या घासाकडे बघणं, सगळं एकदम अंगावर आलं. पोरगी माणसाचं बोलणं डोळ्यांनी ऐकायला शिकत होती. त्यासाठी तिला धडा पाठ असलेला हवा होता, तोंड ओळखीचं हवं होतं, आणि खाली तेच शब्द हवे होते. आणि मी खाली पुण्याचा कुणी दुसराच मास्तर बसवून ठेवला होता.

सुनयनाला म्हटलं, तुला ठाऊक होतं? ती लाडू वळता वळताच म्हणाली, "ओठ पाहून शिकून राह्यली, येवढं ठाऊक होतं. खाली तुमी काय लिहून ठेवलं ते मले काय ठाऊक? अन् सांगतलं असतं तं तुमी ऐकता का कोणाचं?"

१८ जानेवारी

सगळं पुन्हा. पहिल्या ओळीपासून.

माझं बोलणं जसंच्या तसं लिहायला बसलो तर पहिले दोन दिवस लाजेनं बोटं अडायची. "आता हे काऊन झालं, सांग बे तू, हसून काय राह्यला?" लिहायचं आणि वाचायचं. पण हळूहळू एक गंमत लक्षात येते. हा माणूस बरा शिकवतो. जे मी शुद्ध करून चार शब्दांत गुंडाळलं होतं, ते यानं पोरांशी भांडत, फिरून फिरून, तीनदा वेगळं करून सांगितलं आहे. ते सगळं मी कापून टाकलं होतं आणि गाभा म्हणून नुसतं हाडूक वाढलं होतं.

आता बकरी लिहितो. हॉर्न लिहितो. कुणी विचारलं तर त्याच्या नावासकट लिहितो. आणि निम्म्या वेळी तर मला लिहावं लागतं, (सर फळ्याकडे तोंड करून बोलतात). तेव्हा ओठ दिसतच नाहीत. एकाच तासात ते इतक्या वेळा लिहिलं की शेवटी कंटाळून मोबाइल खाली ठेवला. तुमची पाठ दिसते, असं तिनं पहिल्याच दिवशी लिहिलं होतं.

२२ जानेवारी

अमृतराव चिडले. "'बे' लिहिलं तुमी! 'पोट्टेहो' लिहिलं! सगळ्या मंडळात जाणार होतं हे, सर. लोकं म्हणतील आदिलाबादवाल्याईले मराठी येत नाई."

"हेच येते आमाले," मी म्हटलं.

"पहिलं किती चांगलं होतं. काऊन बिघडवलं?"

"पहिलं तुमच्यासाठी होतं," मी म्हटलं. ते छत्री न घेताच गेले. ऊन होतं, पण छत्रीशिवाय ते कधी जात नाहीत.

पण उपयोग होतोय का? खरं लिहायचं तर ठाऊक नाही. हैदराबादच्या डॉक्टरबाईंना फोन करून विचारलं तर म्हणाल्या, ओठांवरून निम्मंही कळत नाही, बाकीचं अंदाजानं जुळवावं लागतं. प्रणिता बघते, दमते, डोळे चोळते, पुन्हा बघते. बोलत मात्र नाही. एक तारीख जवळ येत चालली आहे आणि तिची बॅग भरून दाराशी ठेवलेली आहे.

२८ जानेवारी

आठवीच्या तासाचं काम काढलं. वर्गात उतरवलेला, परिमेय संख्यांचा. नोव्हेंबरात एक तुकडा मी "पोरांच्या शंका" म्हणून न ऐकताच पुढे ढकलला होता. आज तो ऐकला.

"सर, शून्यानं भागलं तं काऊन चालत नाई?"

प्रणिताचा आवाज.

वर्गात ती मला सर म्हणायची, घरी बाबा. स्वच्छ, जरा चढा, घाईतला आवाज. मी किती वेळा मागे घेऊन ऐकला ते सांगत नाही. सुनयना चुलीपासून धावत आली, हात पिठाचे, आणि दारात थांबली. तिला वाटलं पोरगी बोलली. मग तिनं मोबाइल पाहिला आणि खाली बसली. प्रणिता समोर अंगणात कापसातला काडीकचरा वेचत होती. तिचा आवाज तिच्या पाठीमागे घरभर झाला आणि तिनं मान वळवली नाही.

व्हिडिओत त्यानंतर मी म्हणतो, "घरी इचार." वर्ग हसतो. मी फळ्याकडे वळतो.

घरी तिनं विचारलं होतं का? आठवत नाही. मीच टाळलं असेन. दिवसभर शिकवून घरी आलेला मास्तर कसा असतो, ते मला ठाऊक आहे.

हे लिहावं की गाळावं, याच्यावर दुपार गेली. तिला तिचाच आवाज अक्षरांत दाखवायचा, म्हणजे जखमेवर मीठ नाही का? सुनयना म्हणाली, "लिहा. तिचं हाय ते. तुमी कोण गाळणारे?"

लिहिलं.

प्रणिता: सर, शून्यानं भागलं तं काऊन चालत नाई?
सर: घरी इचार. (वर्ग हसतो)
(सर फळ्याकडे तोंड करतात)

३० जानेवारी

ती तो तास बघते आहे. काल दिवसभर तोच. मी समोर जायचं टाळतो. बघताना तिच्या चेहऱ्यावर काय आहे ते मला वाचता येत नाही. मी कधी शिकलोच नाही.

सकाळी सुनयनानं बॅगेतले कपडे काढून दांडीवर टाकले. मला विचारलं नाही. हैदराबादच्या त्या भल्या माणसाचा फोन येऊन गेला, तो मी उचलला नाही. परवा जायचं आहे की नाही, हे या घरात कुणीच कुणाला विचारत नाही. अभ्यासक्रम निम्मा पडून आहे. असं टांगून राहण्यापेक्षा एकदा काय ते होऊन जावं असं वाटतं, आणि तसं वाटल्याची भीतीही वाटते.

३१ जानेवारी

सकाळी ओसरीवर बसलो होतो. ऊन नुकतं फळ्यावर आलं होतं. पुढच्या तासाच्या ओळी लिहीत होतो, तेवढ्यात मागून आवाज आला.

"घरीच हाय मी."

मोठा, फाटका, एका पट्टीतला आवाज. शेवटचा शब्द तर जवळजवळ ओरडल्यासारखा. शेजारच्या अंगणात कुणीतरी थांबून पाहिलं. मी वळलो. प्रणिता उभी होती, दोन्ही हातांनी फ्रॉक घट्ट धरून, आणि माझ्या तोंडाकडे बघत होती. मी हसतो की काय, ते बघत होती.

"आता सांगा," ती म्हणाली.

मी पाटी शोधू लागलो. तिनं मान हलवली. पाटी तिनं आधीच पायानं बाजूला सारली होती.

मग मी बोललो. ऑक्टोबरपासून पहिल्यांदा तिच्याशी बोललो. "पाह्य," मी म्हटलं. "चार भाकरी हायेत. दोघाईले वाटल्या तं दोन-दोन. येकाले देल्या तं चारीच्या चारी. आता सांग, वाट्याले कोणीच नाई, तं हरेकाले किती?"

ती ओठ हलवत होती माझ्याबरोबर. भाकरी कळलं. दोन-दोन कळलं. पुढचं निसटलं, कपाळावर आठी पडली. आत सुनयना भांडं हातात धरून उभी राहिल्याचं मला जाणवलं.

"पुन्ना," प्रणिता म्हणाली, तेवढ्याच मोठ्यानं.

लिहून दाखवावं म्हणून मी खडू घेतला आणि सवयीनं बोलता बोलता फळ्याकडे वळलो. माझ्या हनुवटीला तिची बोटं लागली. तिनं माझं तोंड धरून आपल्याकडे फिरवलं, उजेडात, आणि धरूनच ठेवलं.

मी पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.